लिंक भरली का?

महाराष्ट्रातल्या शाळांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जून ते एप्रिल एक वाक्य सारखं येत राहतं: ‘सर्वांनी खालील लिंक आज सायंकाळी ५ पर्यंत भरावी व स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकावा.’ प्रशिक्षण झालं की अभिप्रायाची लिंक, म्हणजे गुगल फॉर्म, वेबिनार संपलं की लिंक. सहल, स्नेहसंमेलन, पोषण आहार, गणवेश, पाठ्यपुस्तकं, पालकसभा, सगळ्यांवर आपलं मत नोंदवायचं. खासगी शाळांत हेच काम शाळेचं अॅप करतं, तिथे पाच तारे असतात. मत विचारण्यात वावगं काहीच नाही. पण हे सर्वेक्षण आता ऐकण्यासाठी कमी आणि ऐकल्याचा कागद फायलीला लावण्यासाठी जास्त होतं. म्हणून ते कमी करा, एवढंच म्हणून भागणार नाही. कुठला प्रश्न सर्वेक्षणाने विचारायचा आणि कुठला मुळीच विचारायचा नाही, हे शाळेने ठरवायला हवं.

आधी एक भेद करून ठेवू. यू-डायस प्लस या शाळांच्या माहितीच्या सरकारी नोंदप्रणालीत पटसंख्या भरणं, स्वच्छतागृहं किती ते कळवणं, ही माहिती आहे. तिचा ताप वेगळा आणि त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. इथे विषय मत मागवण्याचा आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये शिक्षकांना कोणती अशैक्षणिक कामं देता येतील याची यादी आहे: दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका. अभिप्राय गोळा करणं त्या यादीत नाही. ते शैक्षणिकच काम आहे असं म्हणायचं असेल, तर त्यातून वर्गात काहीतरी बदललं पाहिजे.

खर्चाचा हिशेब करून पाहू. शाळेत ६०० पालक, प्रश्न २५, भरायला १२ मिनिटं. सगळ्यांनी भरलं तर १२० तास झाले. पहिली ते पाचवीसाठी कायद्याने वर्षाला ८०० तास अध्यापन ठरवलंय, हे शेजारी ठेवलं की १२० तासांचा अंदाज येतो. ते तास पालकांचे असतात, म्हणून कुठल्याच नोंदवहीत दिसत नाहीत.

बरं, ते प्रामाणिकपणे भरले तरी जातात का? वरून आदेश टक्क्यांत येतो: शंभर टक्के लिंक पूर्ण. ४० पटाच्या वर्गात दुपारपर्यंत ११ पालकांनी भरलेली असते. निम्मे पालक शेतावर किंवा कामावर, काहींचा रिचार्ज संपलेला. पाच वाजायला आले की वर्गशिक्षक उरलेले २९ फॉर्म स्वतःच भरतात. हे ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. उत्तरांची शीट उघडा आणि पहिल्या रकान्यातल्या वेळा बघा. ओळीने तीस-चाळीस सेकंदांच्या अंतराने आलेली उत्तरं, सगळीकडे ‘पूर्णपणे सहमत’ आणि शेवटच्या ‘आपल्या सूचना’ या रकान्यात ‘छान’, ‘उत्तम’ किंवा सरकारी सवयीने ‘निरंक’. अशा वेळी शिक्षकाला लबाड ठरवणं सोपं असतं. पण वर मागणी टक्क्यांची होती आणि त्याने टक्के दिले. मत कुणी मागितलंच नव्हतं.

फॉर्मच्या रचनेतही गोची असते. गुगल फॉर्ममध्ये ‘एकच प्रतिसाद’ ही मर्यादा घातली की भरणाऱ्याला गुगल खात्यात साइन-इन करावं लागतं. ज्यांना पासवर्ड आठवत नाही ते गळतात. मर्यादा काढली तर एकच पालक चारदा भरू शकतो, आणि दोन भावंडांसाठी एकच फोन असलेल्या घरातून नेमकी किती उत्तरं आली ते कळत नाही. प्रत्येक प्रश्नाला लाल तारा लावून तो अनिवार्य केला की ज्याचं मूल शाळेत जेवतच नाही त्यालाही जेवणाला गुण द्यावे लागतात; तो मधला पर्याय निवडून पुढे जातो. आणि तक्त्यासारखा प्रश्न, म्हणजे डावीकडे दहा विधानं आणि वर ‘पूर्णपणे असहमत’पासून ‘पूर्णपणे सहमत’पर्यंत पाच रकाने, हा संगणकावर बरा दिसतो. फोनवर त्याचे शेवटचे रकाने पडद्याबाहेर जातात, बोटाने सरकवल्याशिवाय दिसत नाहीत. मग जे समोर दिसतं त्यावरच टिचकी पडते. फॉर्म बनवणाऱ्याने तो पाठवण्याआधी पाच-सहा हजारांच्या फोनवर एकदा स्वतः भरून पाहिला तरी यातले निम्मे घोटाळे कळतील.

यापेक्षा मोठा दोष न आलेल्या उत्तरांत असतो. बीडकडची ऊसतोड कुटुंबं दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात ती मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. त्यांची मुलं वसतिगृहात किंवा आजी-आजोबांकडे मागे राहतात, नाहीतर फडावर जातात. शाळेने त्यांच्यासाठी काय करावं हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, आणि जानेवारीत पाठवलेल्या लिंकवर नेमकं त्यांचंच उत्तर नसतं. ग्रुपवर नंबर बहुधा वडिलांचा असतो. अभ्यास घेणारी, डबा भरणारी, ताप आल्यावर शाळेत धावणारी आई त्या ग्रुपवर नसते. नंदुरबारला पावरी किंवा भिली, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी बोलणाऱ्या घरात ‘अध्यापन पद्धती समाधानकारक आहे का?’ हे वाक्य पोचतच नाही. मराठी बोलणाऱ्या घरातही ते फारसं पोचत नाही म्हणा.

पुष्कळ उत्तरं आली म्हणजे खरं चित्र मिळालं, या समजुतीला १९३६ साली अमेरिकेत मोठा फटका बसला होता. ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीआधी सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. २० लाखांहून अधिक परत आल्या आणि त्यांवरून रिपब्लिकन उमेदवार लँडन जिंकणार असं भाकीत केलं. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली. यादीत फोन आणि मोटार असलेल्यांचा भरणा होता, आणि त्यातूनही ज्यांना पाठवावंसं वाटलं त्यांनीच पाठवल्या. आपला पालकांचा ग्रुप ही तशीच यादी आहे.

याउलट ‘प्रथम’ संस्थेची ‘असर’ पाहणी बघा. २००५ पासून चालत आलेल्या या पाहणीत ग्रामीण जिल्ह्यातली ३० गावं आणि प्रत्येक गावातली २० घरं, म्हणजे जिल्ह्याला ६०० घरं, निवडून घेतात. सगळ्यांना विचारत नाहीत. पण निवडलेल्या घरी माणूस स्वतः जातो. दुसरं म्हणजे ‘तुमच्या मुलाच्या वाचनाबद्दल आपण समाधानी आहात का?’ असं ते पालकाला विचारत नाहीत. मुलासमोर दुसरीच्या पातळीचा उतारा ठेवतात आणि वाच म्हणतात. ‘असर’च्या निष्कर्षांवर वाद घालता येतात, घातलेही जातात. पण जे तपासता येतं त्याबद्दल मत मागवायचं नाही, ही शिस्त शाळांनी उचलण्यासारखी आहे.

आता आकड्यांकडे. पाच ताऱ्यांची सरासरी काढून ‘गेल्या सत्रात ४.४, या सत्रात ४.०, शिक्षकांनी खुलासा करावा’ अशी पत्रं निघतात. ३० मुलांच्या वर्गात एका मुलाने ५ ऐवजी १ दिला तर सरासरी ०.१३ ने उतरते, तिघांनी दिला तर ०.४ ने. म्हणजे ज्या घसरणीवर खुलासा मागितला ती आदल्या दिवशी ओरडा खाल्लेल्या तिघांची असू शकते. सरासरी सांगायचीच असेल तर कुठल्या पर्यायावर किती मुलं हेही सोबत सांगा. सगळे ३ वर असणं आणि निम्मे १ वर, निम्मे ५ वर असणं, या दोन वर्गांची सरासरी एकच येते आणि दुखणी मात्र निराळी.

मोठ्या खासगी शाळांत अलीकडे आणखी एक प्रश्न आला आहे: ‘ही शाळा तुम्ही मित्रांना सुचवाल का? ० ते १० गुण द्या.’ हा ग्राहकनिष्ठा मोजायला उद्योगजगतात २००३ च्या सुमारास तयार झालेला प्रकार. त्यात ९ आणि १० देणारे समर्थक, ० ते ६ देणारे नाराज; ७ आणि ८ वाले तटस्थ म्हणून बाजूला टाकतात आणि समर्थकांच्या टक्क्यांतून नाराजांचे टक्के वजा करतात. मराठी घरात दहापैकी आठ म्हणजे शाबासकी असते, आणि सहा म्हणजे ‘ठीक आहे, पण अजून मेहनत घे’. पहिला इथे मोजलाच जात नाही आणि दुसरा थेट नाराजांत जातो. शाळा उगाच घाबरते आणि विश्वस्तांच्या बैठकीत कुणीतरी ‘ब्रँड’ हा शब्द उच्चारतो.

प्रश्नांची भाषा हा तर स्वतंत्र अभ्यासक्रम व्हावा. ‘शिक्षक वेळेवर येतात व चांगले शिकवतात का?’ यात दोन प्रश्न आहेत. वेळेवर येऊन वाईट शिकवणाऱ्याचं काय करायचं? ‘शाळेच्या उत्कृष्ट उपक्रमांबद्दल आपले मत’ यात उत्तर आधीच भरलंय. ‘वर्षभरात गृहपाठ योग्य प्रमाणात होता का?’ याला पालक गेल्या आठवड्याच्या आठवणीवर उत्तर देतो. आणि दुसरीतल्या मुलासमोर तीन चेहरे ठेवून ‘हा पाठ कसा वाटला, रंगव’ म्हटलं तर ते बहुतेक वेळा हसरा चेहरा रंगवतं. बाईंना राग येऊ नये, किंवा तो चेहरा रंगवायला मजा येते म्हणून. नव्या समग्र प्रगतिपत्रकात स्वयंमूल्यमापन आणि सहाध्यायी मूल्यमापन आहे. कल्पना चांगली आहे. पण प्रत्येक घटकाला, प्रत्येक मुलाला, प्रत्येक तक्ता भरायला लावला की पंधरवड्यात सगळी उत्तरं एका साच्याची होतात.

मग शाळेने करावं काय? पोषण आहाराचंच उदाहरण घेऊ, कारण त्यावर सर्वाधिक लिंका फिरतात. नियमाने पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम धान्य शिजवायचं असतं. डाळ अनुक्रमे २० आणि ३० ग्रॅम, भाजी ५० आणि ७५ ग्रॅम. जेवण आवडतं का, हे विचारायची गरजच नाही. जेवणं झाल्यावर उरलेलं आणि ताटांत टाकलेलं अन्न दोन वेगळ्या बादल्यांत गोळा करा आणि शाळेतल्याच तराजूवर सलग दहा दिवस तोला. वहीत चार रकाने पुरतात: दिवसाचा पदार्थ, जेवलेली मुलं, पातेल्यात उरलेलं, ताटात टाकलेलं. पातेल्यात उरत असेल तर हजेरीचा अंदाज चुकतोय. ताटात टाकलं जात असेल तर पदार्थात खोट आहे, आणि कुठल्या वाराला ते वहीच सांगते. मग त्या वाराच्या पंगतीत पाच मुलांजवळ बसून ‘हे का टाकलंस?’ विचारायचं. डाळ कच्ची राहते, मीठ शेवटच्या पातेल्याला पुरत नाही, वाटाणा आदल्या रात्री भिजवला नव्हता, अशी उत्तरं येतात. त्यांवर दुसऱ्या दिवशी काहीतरी करता येतं. ‘आहाराच्या दर्जाबद्दल ७८ टक्के समाधानी’ यावर काय करायचं? शिवाय जेवण वाढण्याआधी शिक्षक आणि पालकाने ते चाखून नोंदवहीत लिहायची पद्धत आहेच. ती वही महिनाभराच्या सह्या एकदम करून भरू नये, एवढं पाहिलं तरी एक लिंक वाचेल.

वर्गातलं समजलं की नाही यासाठी पावपानी चिठ्ठी पुरते. तास संपायला चार मिनिटं असताना दोन प्रश्न: आज काय कळलं, कुठे अडलं. नाव ऐच्छिक. शिक्षकाने दहा मिनिटांत तीन गठ्ठे करायचे, कळलंय, अर्धवट, अडलंय, आणि दुसऱ्या दिवशीचा तास तिसऱ्या गठ्ठ्यापासून सुरू करायचा. हे रोज नको, आठवड्यातून एकदा, एका विषयाला. चिठ्ठ्यांचा अहवाल कुणी मागितला की हे साधन मेलं असं समजावं. मग मुलं अडलेलं लिहीत नाहीत आणि शिक्षक अडलेल्या चिठ्ठ्या ठेवत नाहीत.

स्वच्छतागृहाबाबत मत कशाला? नळ उघडून बघा, कडी लागते का बघा, मधल्या सुट्टीत मुलींची रांग किती मिनिटं असते ते घड्याळ लावून मोजा.

यावर एक आक्षेप रास्त आहे. पालकसभेत ठरावीक चारजण बोलतात, बाकीचे माना डोलावतात. ज्यांना उघड बोलता येत नाही त्यांना निनावी सर्वेक्षणामुळे आवाज मिळतो. हे खरं आहे, पण निनावीपण खरं असेल तरच. लिंक मोबाइल क्रमांक विचारते, किंवा ‘इयत्ता’ आणि ‘मुलगा/मुलगी’ विचारते. जिल्हा परिषदेच्या १८ पटाच्या शाळेत चौथीत दोन मुली असतील तर नाव लिहायची गरज उरत नाही. आणि मूक पालकांना बोलतं करायचं असेल तर सभा मोठी नको. एका इयत्तेचे आठ-दहा पालक, शक्य तर आयांची वेगळी बैठक, ती त्यांच्या सोयीच्या वेळी आणि वस्तीवर, त्यांच्या बोलीत बोलणारं कुणी सोबत. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात. अभिप्रायासाठी समिती कायद्यातच बांधून दिलेली आहे, असं म्हणण्याइतकी ही तरतूद ठसठशीत आहे. तिचं रजिस्टर घरोघर सह्यांसाठी फिरवायचं आणि मत मात्र गुगलवर मागायचं, हे काही पटत नाही.

एक गोष्ट मात्र गंभीर आहे आणि ती फॉर्म बनवणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. मुलांच्या निनावी सर्वेक्षणात ‘तुला शाळेत कशाची भीती वाटते?’ असा मोकळा प्रश्न असतो. एखादं मूल तिथे लैंगिक छळाबद्दल लिहून जातं. पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे असा गुन्हा घडल्याची माहिती किंवा तो घडेल अशी शंका असलेल्या प्रत्येक माणसावर पोलिसांना कळवायचं बंधन आहे. आता शाळेला माहिती आहे, पण मूल कोणतं ते माहीत नाही. आणि ३०० उत्तरांची ती शीट कुणी महिनाभर उघडलेलीच नाही. असा प्रश्न विचारायचा असेल तर उत्तरं त्याच दिवशी वाचणारी एक ठरलेली व्यक्ती हवी, आणि फॉर्मवरच सोप्या भाषेत लिहिलेलं हवं की मदत हवी असल्यास कुणाशी बोलायचं. खाली चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक. एवढी तयारी नसेल तर तो प्रश्न काढून टाका. तक्रारपेटी आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत नेमलेली सखी सावित्री समिती यासाठीच आहेत, आणि त्यांचं काम लिंकवर ढकलता येत नाही.

सर्वेक्षण शोभतं ते जिथे खरी माहिती फक्त विखुरलेल्या लोकांकडेच असते तिथे. राज्य सरकारने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं सांगितलं, तेव्हा दोन सत्रांत चालणाऱ्या शाळांपुढे नवं वेळापत्रक बसवायचा प्रश्न आला. मुलाला कोण सोडतं, ते कामावर किती वाजता निघतात, रिक्षावाले काका दोन फेऱ्या करतील का, हे पालकच सांगू शकतात. इथे जरूर विचारा. पण तेही सगळ्यांना कशाला? ६०० पालकांतून ८६ जण चिठ्ठ्या टाकून निवडले आणि त्या सगळ्यांची उत्तरं मिळवली, तर साधारण १० टक्के इकडेतिकडे एवढ्या अचूकतेने चित्र मिळतं. म्हणजे ६० टक्के ‘चालेल’ म्हणाले तर खरा आकडा बहुधा ५० ते ७० च्या दरम्यान असणार. निवड हजेरीपटावरून करायची, ग्रुपमधून नाही. फोन करायचा, प्रश्न सहाच, वेळ सहा मिनिटं. तीन शिक्षकांनी वाटून घेतले तर प्रत्येकाला सुमारे तीन तास लागतात, तेही दोन-तीन दिवसांत विभागून. आपल्याच वर्गाच्या पालकांना आपण फोन करायचा नाही, नाहीतर सगळं छानच असतं. फोन उचलला नाही तर वेगळ्या वेळी आणखी दोनदा. तरीही न मिळालेल्यांच्या जागी सोयीचा दुसरा पालक घ्यायचा नाही. किती मिळाले नाहीत ते अहवालात लिहायचं, कारण ते कुठल्या वस्तीचे आहेत यातही उत्तर असतं.

सर्वेक्षण करण्याआधी मुख्याध्यापकांनी एका कागदावर लिहून ठेवावं: बहुसंख्य ‘नाही’ म्हणाले तर आपण काय करणार, ‘हो’ म्हणाले तर काय करणार. दोन्हीकडे तेच लिहिलं गेलं तर विचारू नका. आणि विचारलं तर पंधरा दिवसांत उत्तर परत गेलं पाहिजे. पालक बाहेर जाताना वाचतील अशा फळ्यावर तीन ओळी: तुम्ही काय म्हणालात, आम्ही काय बदलतोय, काय बदलता येत नाही आणि का. तिसरी ओळ लिहायला जड जाते. पण पालक ती वाचून रागावत नाहीत. बसच्या वेळा एसटीच्या हातात आहेत हे त्यांनाही कळतं.

वरच्या कार्यालयांचं काय? मार्चमध्ये प्रश्नावली भरून घ्यायची, अहवाल ऑगस्टमध्ये यायचा, तोवर मूल पुढच्या वर्गात आणि शिक्षकाची बदली दुसऱ्या तालुक्यात. प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी, एसटी गाठायची घाई असताना, अभिप्राय भरल्याशिवाय प्रमाणपत्र मिळणार नाही असं सांगायचं आणि ‘९५ टक्के प्रशिक्षणार्थी समाधानी’ छापायचं. त्यापेक्षा महिन्याने विषय साधनव्यक्तीने, म्हणजे शिक्षकांना विषयात मदत करायला नेमलेल्या माणसाने, दहा वर्गांत जाऊन, शिकवलेली पद्धत किती जणांनी वापरली आणि न वापरणाऱ्यांचं काय अडलं, ते पाहून यावं. शाळासिद्धी या स्वयंमूल्यमापनाच्या आराखड्यातल्या ७ क्षेत्रांत आणि ४६ मानकांत शाळा स्वतःबद्दल लिहीत आल्या आहेत. त्यात आधीच असलेला प्रश्न पुन्हा पाठवण्याआधी कुणीतरी तो शोधायला हवा. तालुक्याने वर्षाच्या सुरुवातीला अभिप्रायाचं वेळापत्रक जाहीर करावं, पालकांसाठी वर्षात दोन आणि शिक्षकांसाठी दोन, बास. त्याबाहेरची लिंक आली तर तीवर तीन गोष्टी असाव्यात: उत्तरं वाचणाऱ्या अधिकाऱ्याचं पदनाम, त्यावरून घ्यायचा निर्णय आणि तो शाळेला कळवण्याची तारीख. या तीन नसतील, तर आपल्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत ठराव करून ती लिंक मुख्याध्यापकांनी परत पाठवावी.